घर क्रमांक सत्तावीस

त्यांच्या दोन सह्या होत्या. एक अभ्यासकेंद्राच्या सहायकाची, इंग्रजीत, लपेटदार, खाली दोन रेघा मारलेली. दुसरी विद्यार्थ्याची, मराठीत, सुटी सुटी अक्षरं असलेली. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या आहेत हे कळायला मला दोन महिने लागले.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. पनवेलच्या एका हायस्कुलात दर रविवारी आमचं केंद्र भरायचं. घरबसल्या बी. ए., विषय समाजशास्त्र. पुस्तकं पोस्टाने घरी यायची, स्वाध्याय लिहून केंद्रावर द्यायचे आणि रविवारी सकाळी तास असायचे. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते त्या हायस्कुलात आठवडाभर प्रयोगशाळा सहायक होते आणि रविवारी आमच्या केंद्राचे सहायक. कुलपं काढणं, हजेरी घेणं, स्वाध्यायांवर शिक्का मारणं, फळ्यावर सूचना लावणं ही त्यांची कामं. शिवाय ते आमच्याच वर्गातले विद्यार्थीही होते. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो, पाठीमागे कुलगुरू.

ही दोन माणसं त्यांनी कधी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. सूचनाफळ्यावर ‘प्रकल्प अद्याप सादर न केलेले विद्यार्थी’ अशी यादी लागायची. त्यात पहिलं नाव त्यांचंच असायचं, खाली लपेटदार सही. यादी लावून झाली की काका चार पावलं मागे जायचे, चष्मा लावायचे, पुन्हा फळ्याजवळ येऊन ती सबंध वाचायचे आणि स्वतःच्या नावापुढे सुट्या अक्षरांत सही करायचे : ‘सूचना वाचली.’

एकदा त्यांचाच स्वाध्याय द्यायचा राहिला, कारण वेळ संपेपर्यंत ते बाकीच्यांचे स्वाध्याय घेत होते. शेवटचा विद्यार्थी गेल्यावर त्यांनी पिशवीतून आपला कागद काढला, घड्याळ बघितलं आणि त्यावर ‘उशिरा’ असा शिक्का मारला. मला हसू आवरेना.

“काका, बघायला कोण आहे इथे?”

“तुम्ही आहात ना, चारशे बारा,” ते म्हणाले. “आज माझ्यासाठी नियम वाकला, की पुढच्या रविवारी तुम्ही सगळे रांग लावाल.”

चारशे बारा म्हणजे मी. माझ्या नोंदणी क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे. नावाने ते कुणालाच हाक मारत नसत. मला आधी याचा राग आला होता. लग्न होऊन कऱ्हाडहून पनवेलला आल्यावर मी ‘अमक्यांची मिसेस’ आणि ‘तमक्यांची सून’ यापलीकडे कुणी उरले नव्हते, त्यात आणखी एक आकडा. पण हळूहळू बरं वाटायला लागलं. चारशे बारा हे निदान माझं एकटीचं होतं.

नाव नोंदवायला गेले तेव्हाचं आठवतं. अर्जात शेवटी एक रकाना होता, शिक्षण घेण्याचं कारण. नोकरी, बढती, आवड, इतर. मी म्हटलं, ‘इतर’वर खूण करा. काकांनी पेन खाली ठेवलं.

“‘इतर’ म्हणजे आळशी माणसाचा डबा. सापडेना ते त्यात टाकायचं. तुमचं कारण काय?”

“वेळ जात नाही घरात.”

“ते कारण नाही. वेळ घालवायला लोक स्वेटर विणतात. विचार करून सांगा, केंद्राच्या प्रतीत रकाना रिकामा ठेवतो.”

चार महिने तो रकाना रिकामा होता. दर रविवारी हजेरी घेताना काका विचारायचे, “चारशे बारा, कारण सापडलं?” शेवटी एकदा वैतागून मी खरं ते बोलून गेले. आमच्या ह्यांच्या कारखान्यातल्या लोकांच्या बायका जमल्या की शिक्षणाचा विषय निघतो, आणि मी दरवेळी पाणी आणायच्या निमित्ताने आत जाते. बारावी हा शब्द तोंडातून निघत नाही. काकांनी मान हलवली आणि अर्जावर लिहिलं, ‘पाणी आणायला आत जावं लागू नये म्हणून.’ केंद्राकडचा तो अर्ज वर्षअखेर तसाच पुढे गेला. विद्यापीठात कुणी वाचला असेल का, देव जाणे.

तास घ्यायला बाहेरगावच्या कॉलेजातून मार्गदर्शक सर यायचे. बिचारे सज्जन होते, पण एस. टी.च्या मर्जीवर. कधी यायचे, कधी नाही. ते आले नाहीत की काका ऑफिसातून वर्गाच्या दारात यायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, “मार्गदर्शक आलेले नाहीत. सहायकास शिकवण्याचा अधिकार नाही. विद्यार्थ्यांनी आपापसात चर्चा करावी.” मग आत येऊन शेवटच्या बाकावर बसायचे, विद्यार्थी म्हणून हात वर करायचे आणि पुढचे दोन तास तेच बोलायचे.

सर असले की काकांचा एकच प्रश्न असायचा : “कुठल्या गावात?” सर सांगायचे, भारतीय खेडं हे स्वयंपूर्ण असतं. मागून हात वर. “कुठल्या गावात, सर?” संयुक्त कुटुंबात कर्त्या पुरुषाचा शब्द अंतिम असतो. “कुठल्या गावात?” पुस्तक खोटं आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पुस्तक त्यांनी आमच्या कुणाहीपेक्षा जास्त वाचलं होतं, समासात बारीक अक्षरांत नोंदी करून. त्यांचं म्हणणं एवढंच, की लिहिणाऱ्याने गावाचं नाव सांगावं, म्हणजे रविवारी सायकल काढून बघून येता येईल. शेवटी शेवटी सर वाक्याच्या आधीच म्हणायचे, “काही गावांत, हं काका, काही गावांत...”

माणसं मोजायचं त्यांना वेड होतं. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, पोस्टाच्या रांगेत, कुठेही. घरात माणसं किती, चुली किती, पाणी कोण भरतं, मुलगी कितवीपर्यंत शिकली. लोक चिडायचे नाहीत. विचारून झाल्यावर हा माणूस काही मागत नाही, सल्लाही देत नाही, फक्त लिहून घेतो आणि “बरं झालं सांगितलंत” म्हणतो, याचं त्यांना नवल वाटत असावं. स्वतः काका एकटे. लग्न केलं नव्हतं. टपाल नाक्याच्या बाजूला भाड्याची खोली आणि दोन वेळा खानावळ.

आता माझी फजिती सांगते. तिसऱ्या वर्षाला प्रकल्प असायचा. तीस घरांत जायचं, छापील फॉर्म भरायचे आणि त्यावरून निष्कर्ष लिहायचे. आमच्या बिल्डिंगमधली अकरा घरं मी पटापट उरकली. उरलेल्या एकोणीस घरांसाठी उन्हातून कोण फिरणार? बहुतेक सगळे विद्यार्थी करायचे तेच मी केलं. दुपारी जेवणं झाल्यावर ओट्यावर फॉर्म पसरले आणि एकोणीस कुटुंबं जन्माला घातली. नावं, वयं, शिक्षण, सगळं बेतशीर. कुणाला दोन मुलं, कुणाला तीन. एका सासूला मी थोडा दमाही दिला, खरं वाटावं म्हणून.

काकांनी गठ्ठा हातात घेतला, पत्ते पिसावेत तसा एकदा चाळला आणि एकोणीस फॉर्म बरोबर बाजूला काढले. मी गार झाले.

“कसं ओळखलंत?”

“एवढी घरं फिरलात आणि एकाही फॉर्मला घडी नाही, डाग नाही. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही तुम्हाला? आणि दुसरं, या एकोणीस घरांत ‘माहीत नाही’ असं उत्तर एकदाही नाही. खऱ्या घरात कुणाला तरी काही तरी माहीत नसतंच.” फॉर्म माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, “माणसं चांगली केली आहेत तुम्ही. ही दम्याची आजी तर फारच छान. ठेवून द्या घरी. आता खरी आणा.”

त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत रडत होते. चोरी पकडली गेली म्हणून नाही, त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही म्हणून. पुढचे तीन आठवडे मी पनवेलच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मोहल्ल्यातल्या एका बाईंनी माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, शीरखुर्मा खायला घातला आणि मग म्हणाल्या, “अब हमारी बारी. तुम्हारे घर में कितने जन? तुम्हारा फॉर्म किसने भरा?” कुणीच भरला नव्हता. काकांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच कोरा फॉर्म काढला आणि माझी उत्तरं लिहून घेतली. निर्णय कोण घेतं, तो रकाना मी त्यांना तूर्त रिकामा ठेवायला सांगितला. त्यांनी घाई केली नाही.

आणि एवढ्या काटेकोर माणसाचा स्वतःचा प्रकल्प मात्र अडला होता, वर्षानुवर्षं. सूचनाफळ्यावरचं ते पहिलं नाव काही हटत नव्हतं. बाकी सगळे पेपर ते एव्हाना पास झाले होते. विषय त्यांनी आपल्याच गावाचा घेतला होता, ‘जमीन गेल्यानंतरचं गाव’. गावाचं नाव सांगत नाही, खाडीच्या कडेला होतं एवढं पुरे. नव्या शहरासाठी त्या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या, भाताची खाचरं गेली, मिठागरं गेली. गावात अठ्ठेचाळीस घरं. सर म्हणायचे, तीस पुरेत. काकांना ते मान्य नव्हतं. त्यांचे सत्तेचाळीस फॉर्म भरून तयार होते, खाकी कागदात बांधलेले. एक राहिला होता, सत्ताविसावा.

“एक घर सोडलं तर काय बिघडतं?” मी विचारलं होतं.

“सोडायचं कुठलं, ते कुणी ठरवायचं?” काका म्हणाले. “सरकारी नोकरीत सात वर्षं जमिनी मोजल्या मी. बांधाचा एक हात चुकला तरी साहेब पुन्हा पाठवायचे. माणसांचं घर सुटलं तर चालतं, असं कसं?”

त्या वर्षी मार्चअखेर त्यांच्या नोंदणीची मुदत संपत होती. तोपर्यंत प्रकल्प गेला नाही तर पास झालेले पेपरही बाद. पुन्हा पहिल्यापासून. अठ्ठेचाळिशीतला माणूस, आठ वर्षांचे रविवार. फेब्रुवारीत त्यांनी फळ्यावर स्वतःच्या नावे ‘अंतिम सूचना’ लावली, चार पावलं मागे गेले, पुढे येऊन वाचली आणि सही केली. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही.

राहिलेलं घर कुणाचं हे मला अंगणवाडीताईंनी सांगितलं. त्या आमच्याच वर्गात होत्या, नेरे गावाच्या बाजूला अंगणवाडी चालवायच्या आणि त्यांचं माहेर काकांच्याच गावातलं.

“तेच्या मोठ्या भावाचं घर हाय ते,” त्या म्हणाल्या. “तवा काका मोजणीच्या हापिसात व्हते. जमिनी घेयाच्या म्हणून हापिसानं तेलाच गावात पाठवला, मापाचा पट्टा नि कागद घेऊन. समद्या गावाची मोजणी केली. घराशी गेला तर दादा वटीवर उभा. सरकारी मानसाला आमच्या घरात जागा नाय, असा बोलला, लोकांदेखत. तवापासून गेला नाय. नोकरीपन सोडली. गावात येतो, शेजाऱ्यांचे फॉर्म भरतो, पन त्या घराच्या म्होरून जात नाय. मागच्या बांधानं जातो.”

पुढच्या रविवारी मी काकांना म्हटलं, “सत्ताविसावा फॉर्म द्या. मी भरून आणते.”

“प्रकल्प माझा आहे. दुसऱ्याने फॉर्म भरणं नियमात नाही.”

“नियम मी वाचलाय. ‘आवश्यक तेथे सहविद्यार्थ्याचे साहाय्य घेता येईल.’ पान नऊ.”

काका ऑफिसात गेले. आतून पान उलटल्याचा आवाज आला. दोन रविवार ते त्या विषयावर काही बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, गेलं हे बी. ए. पाण्यात. मार्चच्या पहिल्या रविवारी हजेरी झाल्यावर त्यांनी मला एक फॉर्म दिला. वर त्यांच्या अक्षरात, घर क्रमांक सत्तावीस. बाकी कोरा.

“कुणी पाठवलं विचारलं तर खरं सांगायचं. उत्तर सुचवायचं नाही. सांगतील तेच लिहायचं. आणि कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे, तेवढेच मोजायचे. पाहुणे नाहीत, बाहेरगावी राहणारे नाहीत. सदस्यसंख्येत लोक हमखास घोळ घालतात.” एवढं बोलून ते खिडक्या लावायला गेले. त्या लावलेल्याच होत्या.

अंगणवाडीताई आणि मी सहा आसनी रिक्षाने निघालो. पुढे बांधावरून चालत. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भराव घातलेली मोकळी जमीन, तिच्यावर सिमेंटचे खुंट. काकांचे भाऊ ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. काकांचंच नाक, काकांचंच कपाळ, फक्त उन्हात रापलेलं. ताईंनी माझी ओळख करून दिली, शहरातली बाय आहे, शिक्षणासाठी घरांची माहिती लिहून घेते.

“बस बाय,” ते म्हणाले. “कोनी पाठवली तुला?”

मी खरं सांगितलं. शेंग सोलणारा हात थांबला. मला वाटलं, आता उठवतात. त्यांनी दाणे टोपलीत टाकले आणि दुसरी शेंग घेतली.

“तो का नाय आला?”

“तुम्ही त्यांना घरात जागा नाही म्हणालात म्हणून.”

“सरकारी मानसाला जागा नाय, असा बोललो. तेला कुठं बोललो? म्हटलं पट्टा बाहेर ठेव नि ये. तो पट्टा उचलून गेला.”

“नंतरचं बोललात ते कोनी आयकलं?” आतून वहिनींचा आवाज आला. “समद्या गावात पयलंच ठणकावून बोललात, नि दुसरं तोंडातल्या तोंडात.”

भावांनी शेंगांची टोपली जवळ ओढली. मला उत्तर सुचवायचं नव्हतं, तेव्हा मी निमूट फॉर्म उघडला. जमीन किती होती, किती राहिली. आता घर कशावर चालतं. पाणी कुठलं. वहिनींनी गूळ आणि पाणी आणून ठेवलं. ते घेताना फॉर्मवर थोडं सांडलं, मी पुसलं नाही.

“कुटुंबात माणसं किती?”

“सात.”

मी नावं लिहायला घेतली. ते स्वतः. वहिनी. दोन मुलगे. थोरली सून. नातू. सहा झाले.

“सातवं?”

त्यांनी भावाचं नाव सांगितलं. काकांचं नाव मी एरवी फक्त फळ्यावर वाचलं होतं, त्या घरात ऐकून चमकले. “वय लिव अठ्ठेचाळीस. लगीन नाय केलं. शिक्षान... कितवीला हाय तो आता?”

“बी. ए. शेवटच्या वर्षाला.”

“तसाच लिव.”

माझ्यातल्या चारशे बाराला राहवेना. “पण दादा, ते इथे राहत नाहीत. जेवायलाही नसतात. एका चुलीवर जेवणारे तेवढेच मोजायचे असतात.”

भाऊ उठून आत गेले. बराच वेळ पत्र्याची पेटी उघडल्याचा, काही शोधल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले ते हातात रेशनकार्ड घेऊन. मधल्या काळात दोनदा तरी नवं झालेलं असणार ते. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. सातवी ओळ.

“सरकारला चालतो. तुज्या विद्यापीठाला नाय चालत?”

मी सात लिहिलं.

येताना ताई बांधावरून पुढे चालत होत्या, मी मागून. रडू येत होतं आणि धास्तीही वाटत होती, कारण नियमाप्रमाणे ते उत्तर चुकीचं होतं आणि ज्याला ते द्यायचं तो माणूस स्वतःच्या कागदावर ‘उशिरा’ शिक्का मारणारा होता.

रविवारी काकांनी फॉर्म घेतला तो सहायकाच्या खुर्चीत बसून. वरून खाली वाचत आले. पाण्याच्या डागावरून बोट फिरवलं. जमीन, पाणी, उत्पन्न, सगळं बरोबर. मग सदस्यांचा तक्ता आला. त्यांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. लाल पेन्सिल हातात घेतली.

“सात? हे नियमात बसत नाही.”

“रेशनकार्ड दाखवलं त्यांनी.”

“रेशनकार्ड वेगळं. आपली व्याख्या चुलीची आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं. सहा व्हायला हवेत.”

इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी मात्र चढवला. “मग खोडा ना! मी नाही खोडणार. तुमचं नाव आहे, तुमच्या हातानं खोडा.”

पेन्सिलीचं टोक सातव्या ओळीवर टेकलं आणि तिथंच राहिलं. वर्गात सर आले होते, त्यांचं शिकवणं ऐकू येत होतं. काका त्या ओळीकडे बघत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “शिक्षणापुढे हे कुणी सांगितलं?”

“तुमच्या भावांनी विचारलं, कितवीला आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, तसंच लिही.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजत आले होते.

“खोडता येत नाही,” ते म्हणाले. “मग हे खोटं ठरू देऊन चालणार नाही.”

मला अर्थबोध होईपर्यंत ते उठले होते. केंद्राच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. आठ वर्षांत तो कधी दुसऱ्याच्या हातात गेला नव्हता. “साडेबाराला तास संपला की वर्ग बंद करा. पंखे बघा.” दारापर्यंत गेले आणि परत वळले. चेहरा पार पडला होता.

“दारातनं परत धाडला तर?”

ही बोली मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. मी म्हटलं, “वालाची आमटी असेल आज. लवकर निघा.”

ते सायकल घेऊन गेले. मी वर्ग बंद केला, पंखे बघितले, दोनदा बघितले. सोमवारी हायस्कुलात किल्ल्या द्यायला गेले तेव्हा काका प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होते. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. प्रकल्प मुदतीच्या आत गेला. पुढे निकाल लागला, दुसऱ्या श्रेणीत पास झाले. यादी त्यांनीच फळ्यावर लावली, चार पावलं मागे गेले आणि चष्मा लावून वाचली.

पण प्रकल्प बांधायला दिला त्या दिवशी फॉर्म क्रमाने लावून द्यायला मी बसले होते, तेव्हा सत्ताविसावा माझ्या हाताखालून गेला. सात तसाच होता. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी एक रकाना असायचा, माहितीची खात्री कशी केली. तो विद्यार्थ्याने भरायचा असतो. बाकीच्या सत्तेचाळीस फॉर्मांवर काकांच्या सुट्या अक्षरांत एकच मजकूर होता : ‘समक्ष विचारून.’

सत्ताविसाव्यावर लिहिलं होतं : ‘समक्ष जेवून.’